सतरा नंबरचा फॉर्म

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि नवीन जालन्यातील एक ताई नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याजवळ थांबल्या. मुलीला सिनेमात काम करायचे आहे. कुणीतरी 'फोटोंचा अल्बम आणि ऑडिशन' म्हणून वीस हजार मागितले होते. वडील सळईच्या कारखान्यात पाळीवर जातात. तेही मागून आले आणि म्हणाले, "भाऊ, नाचायला पोरगी वाढवली नाही मी."

हे बोलणे मी हसण्यावारी नेले नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. पवळा हिवरगावकर ही आपल्या समाजातली कलावंतीण. पठ्ठे बापूरावांच्या फडात तिच्या नावावर गर्दी लोटे. पण त्याच बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली. आपल्या स्त्रियांना नाचवून आलेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. माझ्या मते तो नकार कलेला नव्हता, त्या व्यवहाराला होता.

मग मी त्यांना अकलूजच्या रिंकू राजगुरूची गोष्ट सांगितली. आई-वडील दोघेही शिक्षक. नागराज मंजुळे यांनी तिला 'सैराट'साठी निवडले. २९ एप्रिल २०१६ ला सिनेमा लागला, त्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला होता. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची आर्ची घराघरांत पोहोचली. पण सिनेमा लागला तेव्हा ही पोर जेमतेम दहावीत जाणार होती. गर्दीमुळे शाळेत जाणे अवघड झाले. तेव्हा तिने शाळा सोडून दिली नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसली. २०१७ साली दहावीला ६६.४० टक्के, २०२० साली बारावीला ८२ टक्के. मधल्या काळात 'सैराट'चा कानडी अवतारही तिने केला.

गर्दी आणि बातम्या काय करू शकतात, ते चीनमध्ये फार पूर्वी दिसले आहे. शांघायची रुआन लिंगयू ही मोलकरणीची मुलगी. मूकपटांची मोठी नटी झाली. तिच्या खासगी आयुष्याची वर्तमानपत्रांनी लक्तरे काढली आणि ८ मार्च १९३५ रोजी, चोविसाव्या वर्षी, तिने जीव दिला.

रिंकूच्या पुढच्या भूमिका मला आर्चीपेक्षाही मोलाच्या वाटतात. २००४ साली नागपूरच्या कस्तुरबा नगरातील स्त्रियांनी भर न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला संपवले. त्या घटनेवरच्या '२०० हल्ला हो' (२०२१) मध्ये ती आशा सुर्वे ही लढणारी दलित तरुणी झाली. 'झुंड' (२०२२) मध्ये ती आदिवासी मोनिका आहे. फुटबॉल खेळायला परदेशी जायचे, तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टला ओळखीचा पुरावा हवा. बाप बिचारा पोरीला घेऊन दारोदार फिरतो. मी स्वतः कारकून. तशी माणसे रोज खिडकीपलीकडे उभी असतात. ते दृश्य पाहताना मला माझीच खुर्ची दिसली, खरे सांगतो.

ताईंना मी म्हटले, काम देणारा आधी पैसे मागत नाही, म्हणून ते वीस हजार देऊ नका. धाकटी भावंडे असतील तर हेही ध्यानात ठेवा: चौदा वर्षांखालील मुलाच्या चित्रीकरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे बँकेत ठेवावी लागते.

वडिलांचे मन अजून पुरते वळलेले नाही. मात्र १४ एप्रिलच्या नाटिकेत मुलीने रमाईची भूमिका घ्यायला त्यांनी होकार दिला. तालीम विहारातच, संध्याकाळी सहाला, शाळा सुटल्यावर. पाळी नसेल त्या दिवशी ते स्वतः येऊन मागच्या चटईवर बसतात.