नदी काय आपल्या गॅलरीसाठी वाहते?



गेल्या रविवारी मुलगा आणि सूनबाई आम्हा दोघांना नवीन फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. पुण्यात, मुठेच्या काठी. उंच भिंतीच्या आत सात टॉवर, क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव. ऑफिसात काचेखाली सगळ्याचं छोटं मॉडेल ठेवलेलं. त्यात नदी निळीशार आणि पलीकडच्या काठावर नुसती हिरवळ. खऱ्या नदीच्या पलीकडे पत्र्याची घरं आहेत, मॉडेलमध्ये मात्र त्यांना जागा नव्हती. नदीकडच्या फ्लॅटला भाव जास्त. कशाचा? तर ‘व्ह्यू’चा!

मी विचारलं, “पूररेषा कुठून जाते?” तिथला मुलगा हसून म्हणाला, “काकू, काळजी नको. आपला प्लॉट निळ्या रेषेच्या बाहेर आहे.”

मी जुनी बी.कॉम. आकडा ऐकला की मांडून बघते. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत घरं बांधायला मनाई. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, त्यात जोतं लाल रेषेच्या वर हवं ही मोठी अट. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून आपण निर्धास्त होतो. पण त्याचा अर्थ दरवर्षी 100 त 1 शक्यता. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तीच 100 त 18 होते. निळ्या रेषेला लागून असलेली जमीन तर त्याहून कितीतरी आधी भिजणार.

“पण जोतं उंच आहे ना!” असं सूनबाई म्हणाली. जोतं उंच केलं की आपलं घर वाचतं, पाणी काही कमी होत नाही. भराव टाकून जागा उचलली, भिंत घातली, की जे पाणी इथे पसरायचं ते दुसरीकडे पसरतं. 25 जुलै 2024 ला धो धो पाऊस, त्यात खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलेलं. सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, ते विसरलो का आपण?

हिशेबात जमेला जितकं, तितकं कुणाच्या तरी नावे पडतंच. इथे नफा बिल्डरला, व्ह्यू आपल्याला आणि नुकसान पलीकडच्या पत्र्याखाली. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई तिथूनच येणार, चिखल उपसून झाल्यावर.

“आपण नाही घेतला तर दुसरं कोणी घेईल,” असं सगळेच म्हणतात. पण बिल्डर इमारत बांधतो ती बुकिंगच्या भरवशावर, आणि बुकिंग करणारी आपल्यासारखीच घरं आहेत. त्याला एकट्याला शिव्या देऊन आपण मोकळे होत नाही. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत तळी-सरोवरं सुकवण्याचा धंदा सांगितला आहे. नदीच्या पुराची जागा बुजवणं त्यापासून किती लांब? पाणी गाळून प्यायचं आणि नदीच्या हक्काच्या जागेत राहायला जायचं, हे मला तरी जमणार नाही.

तुमच्या घरी असं काही चाललं असेल तर एवढं करा. जलसंपदा विभागाच्या पूररेषांचा नकाशा मागा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं बघा. भराव किती टाकलाय आणि जुना ओढा कुठे वळवलाय, ते विचारा. आणि जागा बघायला जानेवारीत जाऊ नका, जुलैत जा.

आमच्याकडे दोन दिवस अबोला आहे. चेकबुक माझ्या कपाटात आहे. अबोला सुटेल, चेक मात्र सुटणार नाही.