एक ओळख, अनेक दारे

फर्दापूरच्या टी पॉइंटवर आपले वाहन ठेवून प्रवासी एस.टी.च्या गाडीने चार किलोमीटरवरील अजिंठ्याच्या लेण्यांकडे जातो. तेथे पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे तिकीट एकदा घेतले की सर्व लेण्यांना तेच पुरते. दर लेण्यापाशी नवे तिकीट काढावे लागत नाही. या साध्या व्यवस्थेतील शहाणपण संगणकापाशी बसलेल्या शाळेच्या लिपिकाच्या वाट्याला मात्र अद्याप पुरते आलेले नाही. वेतनाची देयके ‘शालार्थ’वर, विद्यार्थ्यांची माहिती ‘यूडायस प्लस’वर, शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’वर, आणि दर दारी निराळे नाव, निराळा पासवर्ड!

इतके पासवर्ड स्मरणात ठेवणे माणसाच्या आवाक्यातील नाही. साहजिकच ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरतात, सर्वत्र एकच ठेवला जातो, किंवा सहकाऱ्याच्या कानी घातला जातो. यास कर्मचाऱ्यांची बेफिकिरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः हा दोष माणसांपेक्षा रचनेचा अधिक आहे.

त्यावरील उपाय नवा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 1983 मध्ये सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ‘कर्बेरॉस’ ही पद्धत निघाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव तिला मिळाले. पुढे 2005 मध्ये ‘सॅमल 2.0’ आणि 2014 मध्ये ‘ओपनआयडी कनेक्ट’ हे संकेत ठरले. तत्त्व एकच: ओळख पटवण्याचे काम एका विश्वासू केंद्राने करावे व त्याने डिजिटल स्वाक्षरीचा, अल्पकाळ टिकणारा दाखला द्यावा, इतर प्रणालींनी केवळ ती स्वाक्षरी तपासावी. पासवर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. भारत सरकारनेही 2022 मध्ये ‘मेरी पहचान’ या नावाने जनपरिचय, ई-प्रमाण व डिजिलॉकर यांना एकत्र आणून अशी सोय केली.

तथापि, एकाच किल्लीने सर्व दारे उघडणार असतील तर ती चोराच्या हाती पडल्यास काय, हा आक्षेप रास्त आहे. तो हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणूनच केवळ पासवर्डवर विसंबून न राहता मोबाइलवरील संकेतांकासारखा दुसरा पुरावा अनिवार्य हवा. शिवाय ओळख आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. अजिंठ्यातही तिकीट असले तरी चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात, आणि पादत्राणे बाहेर काढावी लागतात. तद्वत, लिपिकाची ओळख केंद्राने पटवावी, पण त्याने वेतनाचा आकडा बदलावा की नुसता पाहावा, हे त्या त्या प्रणालीनेच ठरवले पाहिजे.

अशी व्यवस्था उभारताना कसोटी लागते ती क्षुल्लक भासणाऱ्या बाबींत. दाखल्याला मुदत असते. म्हणून दोन्हीकडील घड्याळे जुळलेली हवीत. स्वाक्षरी तपासण्याच्या प्रमाणपत्राची मुदत कोणाच्या लक्षात राहिली नाही, तर एका सकाळी सगळीच दारे बंद होतात. केंद्र बंद पडल्यास पर्यायी वाट आधीच आखलेली हवी. बदली झालेल्या वा निवृत्त झालेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी मिटले पाहिजे. एरवी दहा ठिकाणची दहा खाती मिटवायची, तर एखादे उघडे राहतेच. येथे एक मिटले की सर्व दारे मिटतात. या पद्धतीचा हा लाभ सोयीपेक्षाही मोठा आहे.

मग अडते कोठे? यंत्र महाग आहे म्हणून नव्हे, तर प्रत्येक खात्याला आपले फाटक आणि आपला पहारेकरी सोडवत नाही म्हणून. नागरिकांसाठी जी सोय झाली, ती शाळा, पतसंस्था आणि कचेऱ्यांतील रोजच्या कामापर्यंत नेणे हा तंत्रज्ञांचा नव्हे, प्रशासकीय इच्छेचा प्रश्न आहे. मात्र केंद्र कोणाचे आणि चूक झाल्यास जाब कोणी द्यायचा, हे प्रथम लेखी ठरावे. उत्तरदायी रखवालदार नेमल्यावाचून दारे एकत्र करणे हे धाडस होय. पण तो नेमता येत असताना लिपिकाला दहा किल्ल्यांचा जुडगा वाहायला लावणे ही सुरक्षितता नव्हे, तिचा केवळ देखावा आहे.