बंबवाल्यांची परीक्षा कोण घेतो?

मंडळी, गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकल्यांचा पहिला घाणा कढईत पडला आणि पाचव्या मिनिटाला घरातले सगळे भोंगे एकदम कोकलू लागले. स्कॉटलंडात राहणाऱ्या वाचकांना हे नवीन नाही. १ फेब्रुवारी २०२२ पासून इथल्या प्रत्येक घरात हे भोंगे एकमेकांना जोडलेले असावे लागतात. बैठकीच्या खोलीत एक धुराचा, प्रत्येक मजल्यावरच्या जिन्यापाशी किंवा बोळात एक धुराचा, आणि स्वयंपाकघरात एक उष्णतेचा. एक वाजला की सगळे वाजतात. स्वयंपाकघरातला बिचारा गप्पच होता. दार उघडं राहिल्यामुळे बोळातल्याने बोंब ठोकली आणि बाकीच्यांनी री ओढली.

"दार लावा म्हणून शंभरदा सांगितलं," असं सौभाग्यवतींनी सुनावलं. आम्ही मात्र मनातून घाबरलो होतो. तळण, समईची वात, अंगणातल्या पणत्या, म्हणजे आपल्या सणांना आग ही लागतेच. म्हणून दिवाळी झाल्यावर आम्ही अग्निशमन सेवेला फोन करून घराची तपासणी मागितली. ही तपासणी फुकट असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

दोघे जण आले. त्यातला एक पाहून आम्ही चाट पडलो. तो आमच्या गाडीचं काम करणारा गॅरेजवाला! आमच्या लहान गावात पूर्णवेळ बंबवाले नाहीत. गावातलीच माणसं आपापला धंदा सांभाळून हे काम करतात, कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून केंद्राकडे धावतात. स्कॉटलंडात साडेतीनशेच्या आसपास अग्निशमन केंद्रं आहेत आणि त्यातली बहुतेक अशीच चालतात.

त्यांनी तेलाची कढई पाहिली, देवघर पाहिलं, एकाच प्लगवर लटकलेल्या चार वायरी पाहून मान हलवली. चहा घेताना आम्ही गमतीने विचारलं, "आमची परीक्षा तुम्ही घेतलीत, तुमची कोण घेतं?"

तो म्हणाला, "आहेत ना, इन्स्पेक्टर. येतात, बसतात, खोदून खोदून विचारतात."

आम्हांला वाटलं, म्हणजे त्यांचे साहेब. तर नाही. आणि इथेच आमचं कुतूहल जागं झालं.

पूर्वी स्कॉटलंडात आठ वेगवेगळी अग्निशमन दलं होती. १ एप्रिल २०१३ रोजी ती सगळी मिळून एकच राष्ट्रीय सेवा झाली. इंग्लंडमध्ये अजून चाळीसच्या वर दलं आहेत आणि त्यांचे निरीक्षक त्यांना शाळेसारखे शेरे देतात: हे चांगलं, यात सुधारणा हवी, हे अपुरं. शेजारचं दल बरं चाललंय नि आपलं का नाही, असं तिथे विचारता येतं. इथे ती सोय राहिली नाही. वर्गात एकच विद्यार्थी असेल तर पहिला नंबर कोणाचा आणि नापास कोण? म्हणून बाहेरचा परीक्षक इथे जास्तच लागतो.

तो आहे. त्याचं नाव हिज मॅजेस्टीज फायर सर्व्हिस इन्स्पेक्टोरेट. अशा निरीक्षकांची तरतूद १९४७ च्या कायद्यातही होती. इंग्लंडने आपली जुनी व्यवस्था २००७ मध्ये गुंडाळली आणि जवळजवळ दशकभर त्यांचं त्यावाचूनच चाललं. नवी आली २०१७ मध्ये. स्कॉटलंडने मात्र आपली टिकवली. इथल्या मुख्य निरीक्षकाची नेमणूक राजाच्या हुकमाने होते. तो अग्निशमन सेवेचा नोकर नसतो. सेवा कार्यक्षम आहे का, पैसा नीट वापरते का, आपली कामं कशी करते, हे त्याने पाहायचं. मागतील ती माहिती निरीक्षकांना देणं सेवेला भाग असतं. अहवाल छापून प्रसिद्ध होतात, तुम्हा-आम्हांला वाचता येतात.

आमच्यातले काही म्हणतील, जीव धोक्यात घालणाऱ्या माणसांची कसली परीक्षा घेता? मुंबईकराला तर हे पटकन वाटणार. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. ग्लासगोतही २८ मार्च १९६० रोजी चीपसाइड स्ट्रीटवरच्या व्हिस्कीच्या गोदामात स्फोट झाला, भिंती कोसळल्या आणि १९ जण गेले: १४ अग्निशमन दलाचे, ५ साल्व्हेज कोअरचे. त्यांच्या धैर्याबद्दल कोणाला शंका आहे? पण परीक्षा धैर्याची नसतेच. प्रशिक्षण झालंय का, गाड्या धड आहेत का, बोलावल्यावर माणसं पुरतात का, याची असते. शूर माणसाला वेळेवर पोचता आलं नाही तर त्याच्या शौर्याचा उपयोग काय?

हे आम्हांला फेब्रुवारीत कळलं. पलीकडच्या गल्लीतल्या आजीबाईंच्या स्वयंपाकघराला दुपारी आग लागली. शेजाऱ्याने त्यांना मागल्या दाराने बाहेर काढलं म्हणून बरं. आमच्या गावचं केंद्र तिथून पाच मिनिटांवर. पण बंब आला तो दुसऱ्या गावचा, आणि तोवर छप्पर धरलं होतं.

आम्ही तावातावाने गॅरेजात गेलो. तो हात पुसत म्हणाला, "बंब निघायला चौघं लागतात. त्या दुपारी आम्ही तिघंच होतो. एकाची शहरात नोकरी, एक आजारी. चौघं नसले की आमच्याकडे वर्दी येतच नाही. दुसरा बंब या दारावरून भोंगा वाजवत गेला, तेव्हा मला कळलं." मग बराच वेळ तो बोलला नाही. आम्हीही गाडीचं काहीतरी विचारून परत आलो.

घरी येऊन आम्ही निरीक्षकांचे अहवाल काढून वाचले. कंटाळवाणे असतील अशी खात्री होती, थोडे आहेतही. पण अर्धवेळ माणसं पुरेशी मिळत नाहीत, दिवसा तर गावात कोणी नसतं, ही गॅरेजवाल्याची तक्रार तिथे सरकारी इंग्रजीत, पण स्वच्छ शब्दांत लिहिलेली होती. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. गॅरेजातलं गाऱ्हाणं संसदेच्या टेबलापर्यंत कोणीतरी नेलं होतं. ते सेवेच्या साहेबांनीच लिहिलं असतं तर इतकं उघड लिहिलं असतं का, कोण जाणे.

आता अडचण ऐका. निरीक्षकाला बघण्याचा अधिकार आहे, सांगण्याचा आहे, हुकूम सोडण्याचा नाही. त्याच्या अहवालाचा सेवेने विचार करायचा आणि योग्य वाटेल ते करायचं, असं कायदा म्हणतो. म्हणजे अहवालाचा पुढे पाठपुरावा करणारं कोणी नसेल तर तो फडताळात जायचा. तो पाठपुरावा आमदारांनी करायचा, वर्तमानपत्रांनी करायचा, आणि मंडळी, आपणही. आपण कर भरतो, भोंगे लावतो, मग प्रश्न विचारायलाच का लाजतो?

म्हणून आम्ही गावच्या कम्युनिटी कौन्सिलच्या बैठकीला गेलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. तिथे अग्निशमन सेवेचे स्थानिक अधिकारी आले होते. आम्ही उभं राहून, घसा खाकरून विचारलं, "निरीक्षकांनी माणसं कमी आहेत म्हटलंय. आमच्या गावापुरतं तुम्ही काय केलंत?"

माणूस सरळ होता. जाहिराती केल्या, शाळेत गेलो, मालकांना भेटलो, असं सगळं त्याने सांगितलं. मग त्याने सभागृहाकडे पाहून विचारलं, "इथे दिवसा गावात असणारं कोण आहे?"

कोणी हात वर केला नाही. आमचे गुडघे साठीचे, आम्हांला सूट. पण शेजारी आमची कन्या बसली होती. वय सव्वीस, काम घरूनच, कॉम्प्युटरवर. येताना तिने दाराजवळचा एक अर्ज उचलला.

तो अर्ज आता फ्रिजवर सिद्धिविनायकाच्या चुंबकाखाली आहे. सौभाग्यवती त्याच्याकडे न बघता दूध काढतात. बंब वेळेवर यावा असं आम्हां दोघांनाही वाटतं, आणि त्यात आपलं पोर बसलेलं असावं असं एकालाही वाटत नाही. कन्या म्हणते, "बाबा, प्रश्न तुम्हीच विचारला होता ना?"

यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. पुढच्या अंकापर्यंत सापडलं तर कळवू.