कार्ड कोणाचं, निर्णय कोणाचा?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज विम्यावर लिहायचंय. हो, विम्यावर! घरी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं. भटकंती आणि खाणंपिणं सोडून ही बाई पॉलिसीवर काय लिहिणार? पण गेले काही महिने डोक्यात दुसरं काही नाही, तेव्हा सहन करा.

आंबेगाव तालुक्यात अगदी सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे आहे. खाली मुरबाडकडचं कोकण, वर दाट देवराई आणि महादेव कोळ्यांची वस्ती. थोडी भातशेती आणि हिरड्याचा हंगाम, यावर वर्ष निघतं. तिथल्या एका घराशी आमचा जुना घरोबा. घाट चढून आलो की त्यांच्याच ओसरीवर पथारी. त्या घरातल्या आजींच्या तोंडात बरी न होणारी जखम झाली. (मशेरी. किती वर्षं, त्यांनाही आठवत नाही.) गावाहून डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत घोडेगाव, तिथून मंचर आणि मग पुणे. तपासणीचा कागद हातात आला तेव्हा त्यांच्या मुलाने फोन केला, "ताई, एका दवाखान्यात पन्नास हजार भरायला सांगतायत. काय करू?"

हा प्रश्न दिसतो पैशाचा, पण खरं तर तो माहितीचा आहे. आज माझं म्हणणं एवढंच आहे की कॅन्सरच्या माणसाला औषधाइतकीच गरज असते ती पहिल्या आठवड्यात, पैसे भरण्याआधी, कुठल्या दारातून आत जायचं हे सांगणाऱ्या माणसाची. आणि त्या सांगणाऱ्याला त्यातून कमिशन मिळत नसावं.

"विमा म्हणजे नोकरदारांची चैन, आदिवासी पाड्यावर त्याचं काय?" असं वाटणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली आणि २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. जुलै २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर गेलं आणि पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना दार उघडलं. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन, तिन्ही त्यात बसतं. म्हणजे त्या ओसरीवर पाच लाखांचा विमा होताच. फक्त तो आहे हे घरात कोणाला धड माहीत नव्हतं!

पण "योजना आहे" एवढं सांगून भागत नाही. योजनेतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक आजारासाठी नसतं. हृदयासाठी यादीत असेल, कॅन्सरसाठी नसेल. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले असतात. पाच लाख आहेत ते सगळ्या कुटुंबाचे मिळून, वर्षाचे. निदान पक्कं होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च बहुतेकदा घरातूनच होतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा : शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, पूर्ण उपचार योजनेतून इथेच होतील का? नाही तर अर्ध्या वाटेवर रुग्णालय बदलावं लागतं, आणि कॅन्सरमध्ये गेलेला महिना परत येत नाही.

दुसरं म्हणजे कागद. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. आजींची जन्मतारीख आधारवर अर्थातच १ जानेवारी, आणि वय अडुसष्ट. आहुप्यात विचाराल तर त्या पंच्याहत्तरीच्या आहेत असं कोणीही सांगेल. एरवी ही गंमत वाटली असती. पण ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. अंदाजाने लिहिलेल्या एका तारखेमुळे ते दार आजींसाठी बंद. हे कागद आजारपणात नाही, निरोगी असताना दुरुस्त करायचे असतात.

तिसरं, घरात दुसरा विमा आहे का? आजींचा धाकटा नातू चाकणला कारखान्यात कंत्राटावर आहे. अशा मुलांनी पगाराची पावती नीट बघावी. ईएसआयसीची कपात होत असेल तर अटींत बसणारे अवलंबून आईवडीलही त्यात येतात. पगार कापला जातो आणि कशासाठी ते घरात कोणी विचारत नाही, असं सर्रास दिसतं.

आता मंडळी, हे फक्त डोंगरातल्यांसाठी आहे असं समजू नका. पुण्या-मुंबईचे आपण पॉलिसी बाळगणारे तरी काय वाचतो? एक हिशेब बघा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची ५,००० आणि तुम्ही घेतली १०,००० ची खोली. अशी मर्यादा असलेल्या बऱ्याच पॉलिसींत मग फक्त भाडंच नाही, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या त्यातून वगळलेल्या आहेत. पण बाकीचं बिल १,२०,००० असेल तर ६०,००० तुमच्या खिशातून. "जरा बरी खोली घेऊ, आईला आराम पडेल" या मायेची ही किंमत.

तोंडावाटे घ्यायच्या केमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाहीत. पण त्यांना वेगळी मर्यादा घालता येते, ती आधी बघा. गंभीर आजाराची पॉलिसी निदान झाल्यावर एकरकमी पैसे देते, पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर तिच्या व्याख्येत बसत नाही. आणि कॅन्सर निघाल्यावर सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चालू असलेली जुनी पॉलिसी. गेल्या वर्षी क्लेम घेतला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. तेव्हा हप्ता चुकवू नका, बाकी काहीही चुकवा.

निदानानंतर नवी पॉलिसी विकायला येणारे महाभागही असतात. "आजाराचं लिहू नका, तीन वर्षांनी सगळं चालतं," असं एकाने माझ्यासमोर सांगितलं. हे खोटं आहे. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावता येतं (२०२४ पूर्वी चार होती), पण तो आजार कळवलेला असेल तरच. लपवलात तर पॉलिसीच रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षांनंतर कंपनीला सहसा आक्षेप घेता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण उरत नाही. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही. फक्त नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

"अहो, हे सगळं सांगायला रुग्णालयात आरोग्यमित्र असतो की!" असतो, आणि त्यांच्यातले बरेच जण मनापासून काम करतात. पण तो भेटतो योजनेतल्या रुग्णालयाच्या आत. आहुप्याचा माणूस चुकतो तो त्याच्या आधी, कोणत्या गाडीत बसायचं हे ठरवताना. म्हणून ही माहिती आशाताईंकडे, ग्रामसभेत, घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात सहज मिळायला हवी. आणि तोवर आपण आहोतच. १५५३८८ या योजनेच्या नंबरवर फोन करून रुग्णालयाचं नाव विचारायला फार तर अर्धा तास लागतो.

शेवटचा मुद्दा लिहिताना मात्र अवघड वाटतंय. आपल्याकडे कॅन्सर झालेल्यालाच तो सांगत नाहीत. आजींनाही "जखम चिघळलीय" एवढंच सांगितलं होतं. कार्ड त्यांचं, अंगठा त्यांचा, तोंड त्यांचं. आणि कुठे जायचं, किती कर्ज काढायचं हे ठरवणार बाकीचे. मी मुलाला म्हटलं, "दादा, त्यांना सांग." दोन दिवस घरात रुसवेफुगवे झाले. मग त्याने सांगितलं.

आजींनी तीन प्रश्न विचारले. बोलता येईल का? हिरड्याच्या हंगामापर्यंत घरी येईन का? आणि जनावरं विकावी लागतील का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर योजनेच्या कागदात होतं. उपचारांसाठी नाही. गाडीभाडं, पुण्यातलं राहणं आणि मुलाची बुडालेली मजुरी यांसाठी मात्र हातात थोडी रक्कम हवी, कारण ते बहुतांशी विमा देत नाही. हे कळल्यावर आजींनी स्वतःच ठरवलं : गाय ठेवायची, दोन शेळ्या विकायच्या, आणि पन्नास हजार मागणाऱ्या दवाखान्यात जायचं नाही. योजनेतल्या रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन अजून चालू आहे. पुढचं डॉक्टरांनाही आत्ताच सांगता येत नाही.

विम्याने कॅन्सर बरा होत नाही हे मलाही कळतं. पण आजारी माणसाला पूर्ण हिशेब समोर ठेवून विचारलं, तर तो शहाण्यासारखा ठरवतो असा माझा अनुभव आहे. तेव्हा या आठवड्यात आपापल्या घरातली रेशनकार्डं आणि आधारकार्डं शेजारी ठेवून नावं, तारखा जुळतात का बघा. काका, मामी, तुम्हीसुद्धा. आणि गावाकडून असा फोन आला तर "बघू" म्हणून ठेवून देऊ नका.