बाजाराचा धनी पायी चालणाराच

मध्य प्रदेशातील तिगाव आमच्या बहुतेक वाचकांनी नकाशावरदेखील पाहिले नसेल. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याजवळ वसलेले हे गाव मराठी मुलखातले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात आले आणि पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा आडवी आली तरी बाजाराची वाट मात्र बदलली नाही. या मुलखातली संत्री नागपूरला जातात आणि लग्नाचा बस्ता बांधायला माणसेही नागपूरलाच जातात.

असा गावकरी नागपूर स्थानकावर उतरतो तेव्हा त्याच्या हाती पिशवी असते आणि वाहन म्हणजे त्याचे दोन पाय. स्थानकाच्या पश्चिमेला सीताबर्डी. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज यांची लढाई जेथे झाली त्या टेकडीच्या पायथ्याचा हा बाजार. पूर्वेला इतवारी. तेथे किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ अशी एकेका धंद्याची एकेक ओळ आहे. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावेच सांगतात की हे भाग आठवड्याच्या बाजारांतून वाढले. चार दुकानांत भाव विचारावा, पाचव्यात घासाघीस करावी आणि पुन्हा पहिल्याकडे यावे, ही तेथील खरेदीची रीत. पायी हिंडल्यावाचून ती साधत नाही. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळते ते या हिंडण्यातून.

आज मात्र बाजारात सर्वांत अवघड झाले आहे ते चालणेच. पदपथावर दुकानाचा माल, त्यापुढे फेरीवाल्याची पथारी, त्याहीपुढे उभ्या केलेल्या दुचाक्या व मोटारी. उरलेल्या बोळातून वाहनांना चुकवीत म्हाताऱ्या माणसाने आणि कडेवर मूल असलेल्या बाईने जायचे. गर्दी असह्य झाली की पालिकेची गाडी येते आणि पथाऱ्या उचलते. उभ्या मोटारीला सहसा कोणी हात लावीत नाही. पथारीवाला चार हात जागा अडवतो खरा. पण एक मोटार तीन पथाऱ्यांची जागा दिवसभर अडवून बसते आणि तिच्यातून उतरलेले गिऱ्हाईक मात्र एकच असते.

कायद्याने दोघांचीही बाजू घेतली आहे. पदपथाचा निर्वेध वापर हा घटनेच्या २१ व्या कलमातील हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. तर २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की पाहणी पुरी झाल्याशिवाय विक्रेत्याला उठवू नये, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचेच असावेत. हे दोन हक्क परस्परविरोधी भासतात ते उभ्या वाहनांचा प्रश्न बाजूला ठेवल्यामुळे. पुणे महापालिकेने २०२१ साली ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला. उपक्रम स्तुत्य खरा. पण वर्षातून एका दिवसाने उरलेल्या दिवसांचे प्रश्न सुटत नाहीत.

हे सारे गोव्याला लागू नाही, असे कोणी समजू नये. पणजीचा अठरा जून रस्ता, मडगावचा बाजार आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवून पाहावा. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान घेऊन खेड्यापाड्यांतल्या बायका पहाटेच येऊन बसतात. रानातली फळे, वेली आणि नारळ-सुपारीचे घड काचेच्या दुकानात मिळत नाहीत. ते रस्त्याच्या कडेलाच मिळतात आणि पायी जाणाऱ्यालाच ते नीट निवडता येतात. त्या बायकांना गर्दीचे कारण ठरवून कोपऱ्यात हुसकावणे म्हणजे आपल्याच सणाचा आधार काढून घेणे होय.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पालिकेने आपल्या मुख्य बाजारातील दोन-तीन रस्ते खरेदीच्या वेळेत वाहनांना बंद करावेत, वाहनतळ बाजाराच्या वेशीवर ठेवावा आणि मधल्या मोकळ्या जागेत विक्रेत्यांना रेषा आखून बसवावे. माल उतरवण्यास पहाटेची वेळ द्यावी. वृद्ध व अपंग यांच्यासाठी वेगळी सोय करावी. धंदा बुडेल म्हणून दुकानदार प्रथम कुरकुरतील. त्यांनी एवढेच आठवावे की मोटारीतून जाणारा त्यांची पाटी वाचतो आणि पायी चालणारा त्यांच्या उंबऱ्यावर थांबतो.

तिगावहून नागपूरला जाणारा गावकरी असो की डिचोलीहून म्हापशाला येणारी गृहिणी असो, बाजार जगतो तो अशांच्या पायांवर. त्या पायांना जागा करून देणे हे पालिकेचे पहिले कर्तव्य आहे आणि येत्या चवथीपूर्वी त्याचा आरंभ करणे मुळीच अशक्य नाही.