मोबाइलचं प्रोबेशन

परवा ऐन मीटिंगमध्ये माहूरहून फोन. नंबर आजीचा, आवाज भाच्याचा. ‘मामा, पप्पांना सांगा ना, माझा मोबाइल देऊन टाका म्हणून!’

पोरगा दहावीत. रात्री दोन वाजता पांघरुणात गेम खेळताना सापडला. दाजींनी मोबाइल उचलला, कपाटात टाकला, चावी खिशात. खेळ खल्लास!

मला आधी हसूच आलं. आमच्या वेळी घरात एकच लँडलाइन आणि तिच्या डायलला इवलंसं कुलूप. मित्राशी बोलायचं तर एक रुपयाचं नाणं घेऊन बूथ गाठायचा. कुलूप तेच, फक्त जागा बदलली!

बंदीची आयडिया काही एकट्या दाजींची नाही. माहूरहून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठरावच केला. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी हातात आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, ही तक्रार. त्याच वर्षी सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळा फंडा काढला. संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत. आणि हे फक्त पोरांना नाही, घरातल्या मोठ्यांनाही!

मला हा दुसरा फंडा पटला. दाजींना फोन लावला. ते म्हणाले, ‘मोबाइलचं काही नाही हो. पण विचारलं तर म्हणतो, झोपलो होतो. तोंडावर खोटं बोललं की पोरगं. त्याचं काय?’

इथे मी गप्प झालो. म्हणजे कपाटात मोबाइल नव्हताच, पोराचा शब्द होता.

भाच्याला सांगितलं, ‘भांडू नकोस, आजीचा वशिला लावू नकोस. आधी खोटं बोललो हे कबूल कर. मग एका कागदावर लिही, रोज किती वेळ हवा, कशासाठी हवा आणि रात्री चार्जिंग कुठे. स्वतःच्या खोलीत नाही, हॉलमध्ये!’

दाजींनाही सांगितलं, ‘शिक्षेला तारीख असू द्या. आमच्या ऑफिसात प्रोबेशनलासुद्धा असते. तारीखच नसली की माणूस काम सुधारत नाही, दुसरी नोकरी शोधतो.’ मागून ताईचा आवाज आला, ‘आणि जेवताना यांच्या हातात काय असतं, ते पण विचार!’

पंधरा दिवसांनी भाच्याच्या स्वतःच्या नंबरवरून फोन. ‘मामा, रोज एक तास मिळालाय. महिनाभर नीट वागलो तर दीड.’

‘आणि पप्पा?’

‘बोलतात आता. काल गणित घेऊन बसले होते. त्यांनाही येत नव्हतं!’ पोरगा खदखदून हसला. ‘ठेवतो मामा, 8 वाजले. हॉलमध्ये ठेवायचाय. पप्पांचा कधीच ठेवून झालाय.’

मी घड्याळ बघितलं. लॅपटॉप चालू, दोन्ही फोन टेबलावर आणि ताट तसंच, गार झालेलं.