अंगातली शिवण

इ. स. १७४० मध्ये जॉर्ज अ‍ॅन्सन हा इंग्रज दर्यासारंग आपला काफिला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्याच्या गलबतावर एक म्हातारा शिपाई होता. १६९० साली आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत तो जायबंदी झाला होता. जखमा केव्हाच भरल्या होत्या, मोडलेले हाडही सांधले होते. पुढे भर समुद्रात त्याला स्कर्व्हीने गाठले आणि काय आश्चर्य! पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या जखमा पुन्हा उघडल्या, हाडाचा सांधा सुटला. सफरीच्या छापील वृत्तांतात ही हकीकत नोंदलेली आहे.

दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या शेजारी असली भेसूर गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण मला ती बरेच दिवस छळत होती. अर्धशतक मिटलेली जखम उघडते कशी? ती मिटलेली असते तरी कशाने?

ती मिटलेली असते कोलॅजन नावाच्या प्रथिनाने. ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. नाव अगदी चपखल आहे, कारण सुताराचा सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतले उकळून काढलेले कोलॅजनच. पायांचा रस्सा रात्रभर ठेवला की सकाळी थिजून थरथरतो, तीही त्याचीच करामत. कोल्हापुरी चपलेचे चामडे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, तेव्हा कुजण्यापासून वाचते ते हेच. तुमची-माझी कातडी, हाडे, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती हे सारे त्याच धाग्याने शिवलेले आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश वाटा या एकट्याचा!

या धाग्याचा पीळ उलगडला तो आपल्याकडे, मद्रासला. विद्यापीठातील प्रा. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेची क्ष-किरण चित्रे अभ्यासली आणि १९५४ साली सांगितले की, हा तीन पदरांचा दोर आहे. प्रत्येक पदर म्हणजे मण्यांची माळ, आणि दर तिसरा मणी ग्लायसीनचा, म्हणजे सर्वांत लहान. कारण पिळाच्या गाभ्यात दुसऱ्या कुणाला जागाच नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी सुधारणा केली की, हे पिळलेले पदर एकमेकांभोवती आणखी एक वळसा घेतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना तिच्याकडे एकच तोंड ठेवतो, तसे काहीसे.

मग केंब्रिजच्या रिच आणि क्रिक यांनी हरकत घेतली: तुमच्या दोरात अणू एकमेकांच्या फार अंगचटीला येतात. पदरांमधील बंध किती, या मुद्द्यावर त्यांचेच खरे ठरले. तीन पदर मात्र कायम राहिले. रामचंद्रन रुसून बसले नाहीत. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याचाच त्यांनी पद्धतशीर हिशेब मांडला, आणि त्यातून १९६३ साली निघालेला नकाशा आजही जगभर प्रथिनांची रचना तपासताना पुढ्यात ठेवतात. त्यांना नोबेल मिळाले नाही, ही माझ्या मते नोबेलचीच उणीव.

आता त्या शिपायाकडे वळू. दोराचा पीळ टिकायला माळेतल्या काही मण्यांवर एक संस्कार करावा लागतो. तो करणाऱ्या पेशीतल्या कारागिराचे हत्यार लोखंडाचे, आणि ते गंजू न देण्याचे काम क जीवनसत्त्वाचे. ते नसेल तर अंगाच्या उबेनेच पीळ सुटतो. शिवाय जखमेचा व्रण म्हणजे एकदा घालून झालेला टाका नव्हे. तिथले जुने धागे सतत तुटत असतात, नवे विणले जात असतात. नवे बंद झाले की उसवणे तेवढे उरते.

शेळी हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करते. माणसाला ते खावे लागते. १७४७ साली जेम्स लिंडने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्वांना द्यायचे ठरवले ते १७९५ मध्ये! सरकारी फायलींचा वेग तेव्हाही हाच.

हा रोग गलबतांबरोबर बुडाला, असे मात्र समजू नका. आमच्या आळीतले एक निवृत्त गृहस्थ, पत्नी गेल्यापासून एकटेच. दोन्ही वेळ चहा आणि टोस्ट. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, पोटऱ्यांवर निळे-काळे डाग उमटले. कुणीतरी त्यांना कोलॅजनच्या भुकटीचा महागडा डबा आणून दिला. अहो, पोटात गेल्यावर त्या भुकटीचे तुकडेच होतात. ते कुठे वापरायचे हे शरीर ठरवते, डब्यावरची तरुणी नव्हे. आणि इथे तर माल होता, कारागिराचे हत्यार गंजले होते. डॉक्टरांनी आधी एकच विचारले, "जेवता काय?" मग गोळ्या दिल्या. थोड्याच दिवसांत रक्त थांबले.

यंदा कार्तिकात आवळीभोजनाला त्यांना आमच्याकडे बोलावले आहे. "येईन," म्हणाले, "पण आवळा मिठाबरोबर. नुसता मला जात नाही."